मूठभर धान्यावर उभी राहिलेली शाळा

आपल्याकडे गावाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास प्रथम ग्रामदैवताचे देऊळ, त्यानंतर वेस, वाडा, पेठ आणि आठवड्याचा बाजार असा क्रम लावण्याचा प्रघात आहे. शाळेचा उल्लेख येतो तो शेवटी, बहुधा एखाद्या ओळीत. वास्तविक गेल्या शंभर वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राच्या जीवनात जे मोठे स्थित्यंतर घडले, त्याचे उगमस्थान देवळात किंवा वाड्यात न शोधता गावाच्या हायस्कुलात शोधावे लागेल. असे असूनही गावाला हायस्कूल मिळाले कसे, ते कोणाच्या पैशावर उभे राहिले, त्यासाठी कोणी कोणते हाल सोसले, हे सांगणारा लेख क्वचितच वाचनात येतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो इतिहास यथाशक्ति मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

प्रस्तुत लेखक व्यवसायाने कापड दुकानदार व शिक्षणाने वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. इतिहास हा त्याचा प्रांत नव्हे. तथापि चाळीस वर्षे गल्ल्यावर बसून जमाखर्च लिहिल्यानंतर कोणत्याही संस्थेकडे पाहताना पहिला प्रश्न मनात येतो तो भांडवलाचा. भांडवल कोठून आले आणि ते टिकले कसे? या एका प्रश्नाचे बोट धरून मी कराड तालुक्यातील काले या गावापासून सुरू झालेल्या कार्याकडे पाहणार आहे. कारण ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्या लहानशा गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि तिच्यामुळे आज महाराष्ट्रातील शेकडो खेड्यांना आपली म्हणता येईल अशी शाळा मिळाली. तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील हे जन्माने जैन होते. त्यामुळे हा विषय आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे आपणा सर्वांना थोडासा अडचणीत टाकणाराही आहे.

त्या काळची परिस्थिती

१९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षरांचे प्रमाण शेकडा सहाहूनही किंचित कमी होते. स्त्रियांमध्ये तर ते शेकडा एकाच्या आसपास होते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याच वर्षी मार्च महिन्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले आणि पुढील वर्षी ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. त्यापूर्वी जवळजवळ तीस वर्षे, म्हणजे १८८२ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. शेतकऱ्यांनी भरलेल्या महसुलातून उच्च शिक्षणाचा खर्च चालतो आणि त्याच शेतकऱ्यांच्या मुलांना साध्या शाळेचीही सोय नसते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. व्यापारी भाषेत सांगावयाचे तर पैसा एकाच्या खाती जमा होत होता आणि माल दुसऱ्याच्या घरी पोहोचत होता.

संस्थानांमध्ये मात्र काही निराळे प्रयत्न झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. खालसा मुलुखात, म्हणजे ब्रिटिशांच्या प्रत्यक्ष अंमलाखालील सातारा जिल्ह्यासारख्या भागात, अशी सक्ती नव्हती. मोठ्या गावी एखादी मराठी शाळा असे. त्या शाळेतून व्हर्नाक्युलर फायनल झालेला मुलगा फार तर शिक्षक किंवा तलाठी होई. त्यापुढे शिकावयाचे तर इंग्रजी शाळा हवी, आणि ती तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. देवराष्ट्रे या खेड्यात १९१३ साली जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांनाही माध्यमिक शिक्षणासाठी कराडच्या टिळक हायस्कुलात जावे लागले, हे सर्वश्रुत आहे.

येथे एक बारकावा ध्यानात घेणे आवश्यक आहे. खेड्यातील मुलाची खरी अडचण शाळेच्या फीपुरती मर्यादित नव्हती. फीची तजवीज एखाद्या वेळी होऊ शके. परंतु तालुक्याच्या गावी तो राहणार कोठे आणि जेवणार काय? नातेवाईक असल्यास ओसरीवर जागा मिळे, नसल्यास वार लावून जेवण्याची पद्धत होती. पण ज्याच्या हातचे पाणी चालत नाही, त्याला वार कोण लावून देणार? म्हणजे शाळेचे दार कागदावर सर्वांना उघडे असले तरी त्या दारापर्यंत पोहोचण्याचा रस्ता जातीने अडविला होता. ग्रामीण शिक्षणाच्या इतिहासात शाळेच्या आधी वसतिगृह येते, ते याच कारणाने.

वसतिगृहाचे दार

ही गोष्ट सर्वप्रथम ओळखली ती शाहू महाराजांनी. १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक अशी विविध समाजांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने निघाली. त्यांत आपल्या समाजाचे दिगंबर जैन बोर्डिंग होते. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली होती आणि समाजातील जाणत्या मंडळींनी शिक्षणाकडे लक्ष वळविले होते. त्यांची ही दूरदृष्टी आपण कृतज्ञतेने स्मरली पाहिजे.

भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे, बाहुबलीच्या डोंगराच्या परिसरात झाला. त्यांचे मूळ घराणे ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा पाटील सरकारी महसूल खात्यात नोकरीस होते. भाऊराव शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मानलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्याच्या उद्घाटन समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. तेथून परतल्यावर स्नान केल्याशिवाय भोजनगृहात प्रवेश मिळणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. माणसाच्या सहवासाने विटाळ होतो हे मान्य करण्यास त्यांनी नकार दिला आणि परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे काही काळ त्यांना खुद्द शाहू महाराजांचा आश्रय लाभला. मॅट्रिकपर्यंत मात्र त्यांचे शिक्षण पोहोचले नाही.

समाजाच्या स्मरणिकेत हा प्रसंग गाळून टाकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. मला तो गाळणे योग्य वाटत नाही. ज्या वसतिगृहाने एका विद्यार्थ्यास आश्रय दिला, त्याच वसतिगृहाच्या नियमाने त्याला बाहेरचा रस्ता दाखविला, आणि त्या विद्यार्थ्याने पुढे असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसली. तीर्थंकरांच्या समवसरणात सर्व जीवांना स्थान असते, असे आपण श्रद्धेने सांगतो. त्या शिकवणुकीचा व्यवहारातील अर्थ एका तरुणाने त्या दिवशी लावला आणि त्याची किंमतही स्वतः मोजली. हा प्रसंग आपल्या समाजाच्या खात्यात जमेच्या बाजूस लिहावा की नावे टाकावा, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. माझ्या मते त्याच्या दोन्ही बाजू लिहिल्या पाहिजेत. एकच बाजू असलेली खतावणी आपण दुकानातही मान्य करीत नाही.

नांगराचा विक्रेता आणि खेड्यांची ओळख

कोल्हापूर सोडल्यानंतर भाऊरावांनी साताऱ्यास शिकवण्या केल्या. गरजू मुलांसाठी दूधगाव येथे १९१० च्या सुमारास सहकाऱ्यांसमवेत त्यांनी विद्यार्थी आश्रमाचा प्रारंभिक प्रयोग केला. पुढे ओगले काच कारखाना व किर्लोस्कर कारखाना यांचे विक्री प्रतिनिधी म्हणून त्यांनी काम केले. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर घेऊन ते गावोगाव हिंडले.

त्यांच्या चरित्रातील हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो. एक व्यापारी या नात्याने मला तो फार महत्त्वाचा वाटतो. लाकडी नांगर वापरणाऱ्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर विकणे हे सोपे काम नव्हे. गिऱ्हाइकाच्या ओट्यावर बसावे लागते, त्याचे पीकपाणी विचारावे लागते, त्याच्या कर्जाची बात ऐकावी लागते. विक्रेत्याला गाव जसे कळते तसे ते पाहुण्या वक्त्याला कळत नाही. सावकाराच्या कागदावर अंगठा उठविणारा शेतकरी भाऊरावांनी असा प्रत्यक्ष पाहिला. व्याजाचा हिशेब वाचता येत नाही म्हणून जमीन जाते, हे त्यांना गिऱ्हाइकांच्या घरोघर दिसले. शिक्षणाच्या अभावाची किंमत रुपये-आणे-पैशांत मोजता येते, ही जाणीव त्यांना या भटकंतीत झाली असली पाहिजे.

याच सुमारास सत्यशोधक समाजाच्या चळवळीशी त्यांचा दृढ संबंध आला. महात्मा फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या या समाजाच्या परिषदा सातारा जिल्ह्यातील खेड्यांत भरत असत. १९१९ साली काले येथे भरलेल्या अशाच परिषदेच्या वेळी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. ‘रयत’ हे नाव किती अर्थपूर्ण आहे, हे लक्षात घ्यावे. त्यात ना जातीचा उल्लेख आहे, ना देणगीदाराचा, ना संस्थापकाचा. ज्याच्यासाठी संस्था आहे, त्याचेच नाव संस्थेला दिलेले आहे. गरीब मुलांना मोफत शिक्षण, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांमध्ये प्रेमभाव, अयोग्य रूढींचा त्याग, एकी, काटकसर आणि स्वावलंबन ही संस्थेची उद्दिष्टे होती. काटकसर हे शिक्षण संस्थेचे उद्दिष्ट असावे, याचे आज नवल वाटेल. पण ज्या गावात पैसा नाही तेथे काटकसर हेच पहिले भांडवल असते.

भांडवलाचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. काले येथे वसतिगृह सुरू झाले. १९२१ साली नेर्ले येथे दुसरे निघाले. १९२४ साली भाऊरावांनी साताऱ्यास वसतिगृह स्थापन केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. या सर्वांचा खर्च कसा चालला? जमेच्या बाजूस मला चार खाती दिसतात.

पहिले खाते मूठभर धान्याचे. घरातील माउलीने दळण किंवा स्वयंपाकास बसताना एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकावे आणि ते ठरावीक दिवशी वसतिगृहासाठी गोळा करावे, अशी ही पद्धत होती. मुष्टिफंड या नावाने ती ओळखली जाते. एका मुठीची किंमत काहीच नाही. पण मूठ घालणाऱ्या घराचा शाळेशी रोजचा संबंध जडतो. ज्या घरातून रोज मूठ जाते, त्या घराला शाळेचा हिशेब विचारण्याचा अधिकार प्राप्त होतो आणि शाळेच्या सुखदुःखाची काळजीही लागते. शंभर रुपयांची एक देणगी आणि शंभर घरांचा एकेक रुपया यांची बेरीज वहीत सारखी दिसते. गावात ती सारखी नसते.

दुसरे खाते श्रमाचे. वसतिगृहातील मुले स्वयंपाक करीत, शेतात राबत, बांधकामावर दगडमाती वाहत. सर्व जातींची मुले एकत्र शिजवीत आणि एकत्र जेवीत. पुढे ‘कमवा आणि शिका’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या योजनेचे मूळ येथे आहे. श्रमामुळे खर्च वाचला हे खरेच. त्याहूनही महत्त्वाचे असे की, मुलाला आपण कोणाच्या दयेवर शिकत आहोत असे वाटले नाही.

तिसरे खाते त्यागाचे. हे खाते भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या नावे लिहिले पाहिजे. त्या सधन जैन घराण्यातून आलेल्या. सोवळेओवळे मानण्याचे संस्कार त्यांच्यावरही झालेले होते. असे असूनही वसतिगृहातील सर्व जातींच्या मुलांना त्यांनी पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळले. मुलांच्या जेवणासाठी धान्य नसे तेव्हा अंगावरील एकेक दागिना मोडला गेला, आणि अखेरीस सौभाग्यलेणे मानलेले मंगळसूत्रही त्यांनी दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. ज्या समाजात दागिन्याला स्त्रीधन म्हणतात आणि अडीअडचणीची ती एकमेव शिल्लक असते, तेथे या त्यागाचे मोल काय, हे आपल्या भगिनींना अधिक समजेल. संस्थापकाचा पुतळा गावोगाव दिसतो. लक्ष्मीबाईंचे नाव मात्र अनेकांना ठाऊक नसते.

चौथे खाते देणग्या व अनुदानाचे. राजेरजवाडे, व्यापारी, सरकार, गांधीजींच्या प्रेरणेने चालणारा हरिजन सेवक संघ अशा विविध ठिकाणांहून साहाय्य आले. ते आवश्यकच होते. परंतु संस्था केवळ त्याच खात्यावर उभी नव्हती, याचा प्रत्यय पुढे आला.

खेड्यापर्यंत शाळा

साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांची संख्या वाढत गेली, तसतशी शिक्षणाची पुढील साखळी एकेक कडीने जोडली गेली. ही साखळी विचारपूर्वक बांधलेली आहे. वसतिगृह झाले, पण खेड्यात शिकविणारे शिक्षक नाहीत, म्हणून १९३५ साली साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज हे अध्यापक विद्यालय निघाले. त्याच वर्षी संस्थेची रीतसर नोंदणीही झाली. शिक्षक तयार झाले, तेव्हा ज्या वाड्यावस्त्यांवर सरकारी शाळा नाही तेथे व्हॉलंटरी शाळा काढण्यात आल्या. त्यांची संख्या पुढे ५७८ पर्यंत गेली. देवळाचा सभामंडप, चावडी, गोठा, झाडाची सावली, जेथे जागा मिळेल तेथे या शाळा भरत. प्राथमिक शाळांतून मुले बाहेर पडू लागली तेव्हा त्यांच्यासाठी १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. श्रम करून शिकण्याची सोय असलेले हे मोफत निवासी हायस्कूल होते. हायस्कूल झालेल्यांसाठी १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि त्यानंतर माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन अशी भर पडली.

शिवाजी कॉलेजच्या संदर्भात एक हकिकत सांगितली जाते. कॉलेजला आपल्या इच्छेप्रमाणे नाव द्यावे, या अटीवर एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली होती. एक वेळ वडिलांचे नाव बदलीन, पण शिवछत्रपतींचे नाव बदलणार नाही, अशा आशयाचे उत्तर भाऊरावांनी दिले आणि ती देणगी नाकारली. विश्वस्त या नात्याने काम केलेल्या प्रत्येकाने या हकिकतीवर क्षणभर विचार करावा. देणगीदाराचे नाव लावण्यात गैर काही नाही. मंदिरे, धर्मशाळा, दवाखाने अशाच दानातून उभे राहिले आहेत. परंतु नाव ही जेव्हा अट होते, तेव्हा दानाचा सौदा होतो, आणि सौदा कसा असतो हे आम्हा व्यापाऱ्यांना कोणी शिकविण्याची गरज नाही.

१९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ गावोगाव हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी केला. महात्मा गांधी विद्यालय या नावाची अनेक हायस्कुले ग्रामीण भागात आजही दिसतात, त्यांतील कित्येकांचे मूळ या संकल्पात आहे. याच काळात सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ बंद झाले. हीच त्या चार खात्यांची खरी परीक्षा होती. चौथे खाते गोठले, तेव्हा पहिल्या तीन खात्यांनी संस्थेला तारले. लोकांनी वर्गणी जमविली, शिक्षकांनी ओढग्रस्तीत दिवस काढले. पुढे संत गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली आणि अनुदान पूर्ववत झाले. ज्या दुकानाचा एकच गिऱ्हाईक असतो ते दुकान त्या गिऱ्हाइकाच्या मर्जीवर चालते. ज्या शाळेचा एकच दाता असतो तिचेही तसेच होते.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत लहान गावांतील हायस्कुलाचा जन्म सामान्यतः ठरावीक पद्धतीने होत असे. गावातील चार जाणती मंडळी एकत्र येत. कोणी वाड्याचा सोपा देई, कोणी जागा देई, कोणी बैलगाडीने दगड आणून टाकी. पहिल्या वर्षी आठवीचा एकच वर्ग भरे. दरवर्षी एकेक इयत्ता वाढे आणि पहिली तुकडी अकरावीच्या शालान्त परीक्षेस बसे तो दिवस गावाच्या सणासारखा वाटे. १९७५ पासून राज्यात दहावीची शालान्त परीक्षा सुरू झाली आणि हा पल्ला एका वर्षाने कमी झाला. गावातच शाळा आल्याचा सर्वांत मोठा लाभ मुलींना झाला. परगावी वसतिगृहात मुलीला ठेवण्यास तयार नसलेला बाप गावातल्या शाळेत तिला पाठवू लागला.

फळ आणि आजचा प्रश्न

भाऊरावांना १९५९ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. मॅट्रिकही न झालेल्या माणसाचा विद्यापीठाने केलेला हा गौरव होता. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या कोल्हापुरातील बोर्डिंगमधून गुरूला बाहेर पडावे लागले, त्याच कोल्हापुरातील विद्यापीठाचे प्रमुखपद शिष्याने भूषविले. संस्थेने २०१९ साली शतक पूर्ण केले. आज तिची माध्यमिक विद्यालये चारशेहून अधिक व महाविद्यालये चाळीसहून अधिक आहेत. २०२१ साली साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही स्थापन झाले. १९५१ साली देशातील साक्षरता शेकडा अठराच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता शेकडा ८२ वर पोहोचली. या वाटचालीत ग्रामीण हायस्कुलांचा वाटा किती, हे वेगळे सांगावयास नको.

परंतु यशाबरोबर नवा प्रश्न उभा राहिला आहे. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस आमच्या दुकानी गणवेशाची गर्दी होते. पूर्वी गावच्या हायस्कुलाच्या पांढऱ्या सदऱ्याचे व खाकी विजारीचे कापड आम्ही ताग्यावर तागे मागवीत असू. सावकार, शेतकरी आणि शेतमजूर या तिघांचीही मुले त्याच ताग्यातले कापड नेत आणि एकदा शिवून झाले की कोण कोणाचा हे ओळखू येत नसे. अलीकडे त्या ताग्यांची मागणी घटली आहे आणि चौकड्याच्या शर्टाचे, गळपट्टीचे, निरनिराळ्या रंगांचे तयार गणवेश वाढले आहेत. २०१२ साली राज्यात स्वयंअर्थसाहाय्यित शाळांचा कायदा झाला, त्यानंतर लहान गावांच्या आसपासही फी आकारणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या. ज्यांची ऐपत आहे त्यांची मुले पिवळ्या बसमधून तिकडे जातात. व्यापारी म्हणून माझा यात तोटा नाही, उलट नफाच आहे. पण ताग्यांकडे पाहताना मनात विचार येतो की, जे कापड सर्वांना एकसारखे करीत होते तेच आता कोण कोठला हे सांगू लागले आहे.

इंग्रजी शिकणे गैर नाही. आपल्या मुलाने पुढे जावे असे वाटणे हा पालकाचा धर्मच आहे. प्रश्न निराळा आहे. गावातील जाणत्या व सधन घरांची मुले जेव्हा गावची शाळा सोडतात, तेव्हा त्या घरांची मूठही शाळेच्या मडक्यात पडणे थांबते. आता ती मूठ धान्याची नसते. ती लक्ष घालण्याची असते, शिक्षकाची जागा रिकामी असल्यास विचारपूस करण्याची असते, गळके छप्पर दुरुस्त करण्यासाठी चार माणसे जमविण्याची असते. ही मूठ थांबली की शाळेचे अनुदान चालू राहते, इमारतही उभी राहते, पण शाळा कोणाचीच उरत नाही. मिस क्लार्क बोर्डिंगच्या वेळी शाळेचा रस्ता विटाळाने अडविला होता. आज तो रस्ता फीने अडविला जात आहे काय, याचा विचार आपण केला पाहिजे.

रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाची फांदी दूरवर जाते तेव्हा ती केवळ खोडावर विसंबून राहत नाही. तिच्या पारंब्या जमिनीत उतरतात आणि जेथे उतरतात तेथे नवे खोड तयार होते. काले येथील बीजाचा वृक्ष झाला, कारण प्रत्येक गावी अशी एकेक पारंबी जमिनीत रुजली. पारंब्या तुटल्या तर खोड कितीही मोठे असले तरी फांद्यांचा भार त्याला पेलवत नाही.

आपल्या समाजाला दानाची परंपरा नवी नाही. आहार, औषध, अभय आणि शास्त्र ही चार दाने आपण बालपणापासून ऐकत आलो. शास्त्रदानात गावच्या शाळेचाही समावेश होतो, असे मी मानतो. समाजबांधवांनी व भगिनींनी वर्षातून एकदा तरी, सभारंभाच्या निमंत्रणाची वाट न पाहता, आपल्या गावच्या शाळेत जावे, शिक्षकांशी दोन शब्द बोलावे, काय उणे आहे ते पाहावे आणि आपली मूठ त्या मडक्यात टाकावी. ती मूठ कोणाची, हे कोनशिलेवर लिहिले गेले नाही तरी चालेल. लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र कोणत्याही कोनशिलेवर लिहिलेले नव्हते, आणि तरीही त्याच्या मोलावर मुलांच्या पानात भाकरी पडली.

॥ जय जिनेंद्र ॥